बुडीत खाते

चाकं असूनही मुद्दाम पाण्यात बुडवायचं, असं वाहन मला तरी एकच ठाऊक आहे : बोट ओढायचा ट्रेलर. अमेरिकेत मिशिगन राज्यात माझा भाचा राहतो. तिकडे माणशी एक तळं असावं. शनिवार आला की ही मंडळी मोटारीमागे बोट जोडतात आणि तळ्याच्या उतारावर ट्रेलर हबापर्यंत पाण्यात घालतात.

गोम तिथेच आहे. पन्नास मैल पळून आलेला हब तापलेला असतो. तसाच तो गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढते. उन्हातून आल्या आल्या पाणी पिऊ नये, हे आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितलं. हबाला कोण सांगणार? ग्रीसचा दुधाळ चहा होतो, हिवाळाभर उभ्या ट्रेलरात रोलरांना गंज चढतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात भर रस्त्यात चाक जाम होतं. कधी कधी तर ते बोटीला मागे टाकून एकटंच पुढे निघून जातं! म्हणून हब, बेअरिंग, सील असा सगळा संसारच बदलतात. जुन्या कपात नवं बेअरिंग चालत नाही. जोडीनंच आणावं लागतं. शेवटचा नट चाक फिरवत आवळायचा आणि मग किंचित सैल सोडायचा.

फोनवर हे ऐकून मी बँकवाल्याच्या सवयीने विचारलं, "अरे, पण हे खातं उघडलं कोणी?" भाचा गप्प. मग मीच शोधत बसलो.

गंमत म्हणजे जुनी नोंद निघाली तीही बोटीतच! रोमजवळच्या नेमी तळ्यात कॅलिगुला बादशहाची दोन जहाजं बुडालेली होती. १९२८ पासून मुसोलिनीने तळं उपसायला घेतलं, तेव्हा ती वर आली. त्यांत एका फिरत्या लाकडी चौथऱ्याचे अवशेष होते आणि त्याखाली बसवलेले ब्राँझचे गोळे. जहाजं पाण्यात १९०० वर्षं टिकली. जमिनीवर आली आणि १९४४ साली युद्धाच्या आगीत जळाली.

गाडीच्या आसात गोळ्या घालायचं पेटंट वेल्समधल्या फिलिप व्हॉन या लोखंडवाल्याने १७९४ साली घेतलं. पण सगळ्या गोळ्या सारख्या गोल हव्यात ना! ते यंत्र १८८३ साली जर्मनीत श्वाइनफुर्टला फ्रीड्रिख फिशरने केलं. गाव छर्‍यांवर मोठं झालं आणि त्याच छर्‍यांपायी बाँबहल्ले झेलू लागलं. १४ ऑक्टोबर १९४३ ला अमेरिकेने २९१ विमानं पाठवली, ६० परत आली नाहीत. एकेका विमानात दहा-दहा पोरं. एवढं होऊनही जर्मनीची चाकं थांबली नाहीत. साठा शिल्लक होता, कारखाने इकडेतिकडे हलवले आणि स्वीडनचा माल येतच राहिला. हा हिशेब मी दोनदा मांडून पाहिला, जुळत नाही.

ट्रेलरच्या हबात मात्र छर्‍यांऐवजी निमुळते रोलर असतात. ती कल्पना सेंट लुईसच्या हेन्री टिमकेन या घोडागाडीवाल्याची. गाडी वळली की चाकावर वरून भार असतोच, शिवाय बाजूनेही रेटा येतो. निमुळता रोलर दोन्ही सोसतो. १८९८ च्या पेटंटात त्याच्या जोडीला होता त्याचा भाचा, रेजिनल्ड हाइन्झेलमन. (हे मी आमच्या भाच्याला मुद्दाम कळवलं. त्याने विचारलं, पैसे कोणाला मिळाले?)

हल्ली ट्रेलरवाले हबावर स्प्रिंगची टोपी बसवतात. ती आतल्या ग्रीसचा दाब बाहेरच्या पाण्यापेक्षा जरासा जास्त ठेवते, म्हणजे हवा आकसली तरी पाणी आत शिरत नाही. मात्र उत्साहाच्या भरात जास्त ग्रीस भरलं, तर मागचं सील निसटतं आणि तेच ग्रीस ब्रेकवर.