तत्त्वज्ञाने बांधलेले घर

१९२८ साल संपत आले होते. व्हिएन्नातील कुंडमानगासे या रस्त्यावर एका मोठ्या घराचे बांधकाम जवळजवळ पुरे झाले होते. फक्त साफसफाई राहिली होती. इतक्यात बांधकामावर देखरेख करणाऱ्या गृहस्थांनी सांगितले, की एका दालनाचे छत तीन सेंटिमीटरने वर घ्यायला हवे. ज्यांनी एकदा तरी घर बांधून घेतले आहे, त्यांना कंत्राटदाराच्या चेहऱ्याची कल्पना करता येईल. छत वर घेतले गेले.

हे गृहस्थ म्हणजे लुडविग विट्गेन्स्टाइन. विसाव्या शतकातील तत्त्वज्ञानावर ज्यांचा खोल ठसा उमटला अशा मोजक्या नावांपैकी हे एक. तीन सेंटिमीटरची ही गोष्ट बहुधा त्याच्या विक्षिप्तपणाचा दाखला म्हणून सांगितली जाते. आम्हांला ती वेगळ्या कारणासाठी सांगायची आहे. याच काळात, याच शहरात, काही तत्त्वज्ञ आणि काही वास्तुरचनाकार एकमेकांना एकाच मोहिमेतले सहकारी मानत होते. विचारातला फापटपसारा काढून टाकणे आणि भिंतीवरची नक्षी काढून टाकणे हे मुळात एकच काम आहे, असे त्यांना मनापासून वाटत होते. ते खरे होते का, आणि अशा घरात राहणाऱ्या माणसाचे काय होते, हे आपण पाहू. (वास्तुशास्त्र हा शब्द आम्ही मुद्दाम टाळत आहोत. त्याला आता दिशांचा आणि दोषांचा इतका वास लागला आहे, की वास्तुकला म्हटलेलेच बरे.)

आधी शहर पाहू. १८५७ मध्ये सम्राट फ्रान्झ योसेफ याने व्हिएन्नाचा जुना तट पाडण्याचा हुकूम काढला आणि तटाच्या जागी रुंद वर्तुळाकार रस्ता झाला. त्यावर पुढच्या काही दशकांत भव्य इमारती उठल्या. संसद ग्रीक देवळासारखी, नगरगृह गॉथिक थाटाचे, विद्यापीठ प्रबोधनकाळातील इटालियन प्रासादासारखे. बिऱ्हाडे भाड्याने द्यायच्या इमारतींनाही दर्शनी बाजूला राजवाड्याचा मुखवटा असे, आणि तो पुष्कळदा दगडाचा नसून सिमेंटच्या साच्यातून काढून ठोकून बसवलेला असे. आडोल्फ लोस या वास्तुरचनाकाराने १८९८ मध्येच या खोटेपणावर कडाडून टीका केली. जो माणूस चार खोल्यांत भाड्याने राहतो त्याने सरदार असल्याचा आव का आणावा, हा त्याचा सवाल होता.

लोसचे ‘अलंकार आणि गुन्हा’ हे व्याख्यान पुढे फार गाजले. त्यातला अर्थशास्त्रीय मुद्दा आजही विचार करण्यासारखा आहे. नक्षीकाम करणाऱ्या कारागिराचे तास वाया जातात, त्याला मोबदला कमी मिळतो, आणि नक्षीची टूम जुनी झाली की धडधाकट वस्तूही टाकून दिली जाते. पण याच व्याख्यानात त्याने गोंदवून घेणाऱ्या पापुआच्या लोकांना माणसाच्या विकासाच्या खालच्या पायरीवर बसवले आहे. हा त्या काळच्या युरोपचा उद्दाम पूर्वग्रह होय, आणि ‘अलंकार म्हणजे मागासलेपण’ हे लोसचे सूत्र बऱ्याच अंशी त्यावर उभे आहे. वास्तुकलेच्या इतिहासात ही बाजू बराच काळ झाकली गेली. असो. लोसने राजवाड्यासमोरच्या चौकात बांधलेल्या इमारतीच्या वरच्या मजल्यांच्या भिंती अगदी कोऱ्या होत्या. त्यावरून इतका गदारोळ झाला, की १९१० मध्ये नगरपालिकेने काम थांबवले. शेवटी खिडक्यांखाली फुलझाडांसाठी काशाच्या पेट्या लावून तडजोड झाली.

विट्गेन्स्टाइनची आणि लोसची ओळख १९१४ मध्ये झाली. विट्गेन्स्टाइन एका अतिश्रीमंत पोलाद-कारखानदाराचा मुलगा. बर्लिनमध्ये यंत्रशास्त्र शिकून तो विमानविद्येसाठी मँचेस्टरला गेला आणि तिथून गणिताच्या पायाचा विचार करता करता तर्कशास्त्राकडे वळला. पहिल्या महायुद्धात सैन्यात असताना त्याने जे लहानसे पुस्तक लिहून पुरे केले, ते १९२१ मध्ये प्रथम छापले गेले आणि पुढे ‘ट्रॅक्टेटस’ या नावाने ओळखले जाऊ लागले. जे सांगता येते ते स्पष्ट सांगता येते, आणि जे सांगता येत नाही, म्हणजे नीती, सौंदर्य, जगण्याचा अर्थ, त्याविषयी विधाने करता येत नाहीत. ते फक्त दिसते, अशी त्याची मांडणी होती. तत्त्वज्ञानाचे प्रश्न संपले असे मानून त्याने वडिलांकडून आलेली संपत्ती भावंडांना देऊन टाकली आणि खेड्यातल्या शाळेत मास्तरकी पत्करली.

आपल्या शिक्षक वाचकांना या सहा वर्षांविषयी कुतूहल वाटेल. तो मुलांबरोबर मांजराचा सांगाडा जुळवी, त्यांना व्हिएन्नाला नेऊन इमारती दाखवी, आणि प्राथमिक शाळांसाठी त्याने शब्दकोशही तयार केला, तो १९२६ मध्ये छापला गेला. पण तो मारकुटा होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याने अकरा वर्षांच्या एका मुलाच्या डोक्यावर मारले, मुलगा कोसळला, आणि विट्गेन्स्टाइनने नोकरी सोडली. काही काळ तो एका मठात माळीकाम करत होता. त्याची थोरली बहीण मार्गारेटे स्टनबरो हिने आपल्या नव्या घराचे काम लोसचा शिष्य पॉल एंगेलमान याच्याकडे सोपवले होते. भाऊ मनाने खचलेला आहे हे पाहून तिने त्यालाही त्यात ओढले. हळूहळू सगळे काम त्याच्याच हाती आले.

मूळ आराखडा एंगेलमानचा. सपाट छपराचे, एकमेकांत बसवलेले ठोकळे. विट्गेन्स्टाइनने जे केले ते आत. खोल्यांची प्रमाणे त्याने मिलिमीटरपर्यंत ठरवली. दारे-खिडक्या पोलाद आणि काचेच्या, दारांच्या मुठी म्हणजे वाकवलेली साधी नळी, मागे शोभेची पट्टी नाही. दिवे उघडे, छतातून लोंबणारे. पडदे नाहीत, त्याऐवजी रात्री जमिनीतून वर येणारे पोलादी पत्रे. एकेका पत्र्याचे वजन सुमारे १५० किलो, पण समतोल साधणारी वजने कप्पीवर अशी टांगली होती, की एका हाताने तो सहज वर ओढता यावा. थंड देशात खोली तापवण्यासाठी गरम पाण्याचे रेडिएटर लागतात. विट्गेन्स्टाइनला ते कोपऱ्यात काटकोनात बसणारे हवे होते. ऑस्ट्रियात तसे ओतीव काम कोणी करून देईना, म्हणून भाग परदेशातून आणवले. वाटाघाटी करणाऱ्या एका इंजिनिअरला तर रडू फुटले, असे सर्वांत थोरली बहीण हर्मिने हिने लिहून ठेवले आहे. कुलूप बसवणाऱ्या कारागिराने किल्लीच्या भोकाबद्दल विचारले, की एका मिलिमीटरने खरेच इतका फरक पडतो का. त्याचे वाक्य पुरे व्हायच्या आत मोठ्याने ‘हो’ आले, हीही आठवण तिचीच.

या घरात नक्षी नाही, हे वरवरचे वर्णन झाले. नक्षी असली, की सांध्यातली तफावत पट्टीखाली झाकता येते. पट्टी काढली, की ओळंब्यातली चूक लपत नाही. म्हणून साधेपणा हा येथे स्वस्त पडत नाही, उलट भलताच महाग पडतो. लोसच्या अर्थशास्त्राला हे अगदी उलटे होते!

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. विद्यापीठातील प्राध्यापक मॉरिट्झ श्लिक याच्याभोवती १९२४ पासून दर गुरुवारी काही गणिती, भौतिकशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ जमत. हेच पुढे व्हिएन्ना वर्तुळ म्हणून ओळखले गेले. ‘ट्रॅक्टेटस’ त्यांनी बैठकीत वाक्यावाक्याने वाचून काढला. जे विधान तर्काने सिद्ध होत नाही आणि अनुभवाने तपासताही येत नाही, ते खोटे नव्हे तर निरर्थक, असे त्यांचे म्हणणे. घर बांधत असतानाच्या काळात विट्गेन्स्टाइन त्यांच्यापैकी काहींना भेटू लागला. पण सभासद तो कधीच झाला नाही, आणि चर्चेऐवजी कधी कधी त्यांच्याकडे पाठ करून रवींद्रनाथ टागोरांच्या कविता वाचे! जे सांगता येत नाही ते वर्तुळाला कचरा वाटत होते. त्याला मात्र तेच सर्वांत महत्त्वाचे वाटत होते.

वर्तुळातील रुडोल्फ कार्नाप याचा ‘जगाची तार्किक बांधणी’ हा ग्रंथ १९२८ मध्ये आला. अगदी प्राथमिक अनुभवांपासून सुरुवात करून पायरीपायरीने रंग, वस्तू, दुसऱ्यांची मने असा ज्ञानाचा सगळा डोलारा कसा उभारता येईल, हे त्यात दाखवले आहे. प्रस्तावनेत कार्नापने सांगितले, की आपल्या कामामागची वृत्ती आणि नव्या वास्तुकलेमागची वृत्ती यांत आतले नाते आहे. जर्मनीत देसाऊ येथील बाउहाउस या कलाविद्यालयातही याच भाषेत बोलले जाई. मूळ आकार, मूळ रंग, साहित्याचे गुणधर्म येथून आरंभ करायचा आणि वस्तू उभी करायची. तिथला संचालक हानेस मायर तर बांधकामाला कलाच मानत नसे; उपयोग आणि काटकसर यांतून जे निघेल ते घर. १९२९ मध्ये ओटो नॉयराथ, हर्बर्ट फायग्ल आणि खुद्द कार्नाप हे वर्तुळातले तिघे देसाऊला व्याख्याने देऊन आले.

येथे जरा थांबायला हवे. वर्तुळाच्याच सिद्धान्तानुसार ‘हे चांगले’, ‘असे असावे’ ही विधाने अनुभवाने तपासता येत नाहीत. विज्ञान साधने सांगते, साध्य सांगत नाही. मग सपाट छप्पर हे उतरत्या छपरापेक्षा ‘खरे’ कसे ठरेल? पाणी किती गळते आणि खर्च किती येतो हे मोजता येईल. पण कोऱ्या भिंतीत जगणे हेच आधुनिक माणसाला शोभते, हे कोणत्या प्रयोगाने सिद्ध करणार? दोन्ही बाजूंना एकमेकांत जे दिसत होते ती वृत्ती होती, युक्तिवाद नव्हता, असे आम्हांला वाटते. वृत्तीचे साम्य खोटे नसते, पण त्याला सिद्धतेचा मान देता येत नाही.

साधने शोधण्याचे काम मात्र या मंडळींनी उत्तम केले. महायुद्धानंतर व्हिएन्नात अन्न आणि निवारा दोन्हींची टंचाई होती. हजारो लोक शहराच्या कडेला मोकळ्या जागा धरून झोपड्या बांधत, भाजी पिकवत. त्यांच्या संघटनेचा सरचिटणीस होता नॉयराथ, आणि नकाशे काढणाऱ्यांत होते लोस, योसेफ फ्रांक आणि तरुण मार्गारेटे लिहोत्स्की. लोसने १९२१ मध्ये ‘एका भिंतीचे घर’ ही पद्धत पेटंट केली. ओळीतल्या दोन घरांमध्ये एकच सामाईक भिंत भार घेते, तुळया एका भिंतीवरून दुसरीवर टाकायच्या आणि पुढची-मागची बाजू हलक्या साहित्याने झाकायची. पाया आणि विटा, दोन्हींची बचत. लिहोत्स्कीने पुढे फ्रँकफुर्टमध्ये १९२६ साली १.९ मीटर गुणिले ३.४ मीटर एवढ्याच जागेत स्वयंपाकघर बसवले. आगगाडीच्या उपाहारगृहातील स्वयंपाक्याच्या हालचाली आणि घड्याळाने मोजलेली पावले हा तिचा आधार होता. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसली, आणि असंख्य बायकांची पायपीट वाचली. पण त्यात दोन माणसांना एकत्र काम करता येत नसे. घरातली एक बाई एकटीच रांधणार, हे गृहीत धरूनच मोजणी झाली होती. ते मोजणीतून निघाले नव्हते.

हे सर्वांत स्पष्टपणे ओळखले योसेफ फ्रांकने. तो या तत्त्वज्ञांचा घरचाच माणूस. वर्तुळातील भौतिकशास्त्रज्ञ फिलिप फ्रांक हा त्याचा सख्खा भाऊ. वर्तुळाने जनतेसाठी स्थापन केलेल्या ‘एर्न्स्ट माख संस्थे’त योसेफही होता. १९२७ मध्ये श्टुटगार्ट येथील नव्या वास्तुकलेच्या प्रदर्शनात त्याने आपल्या घरात फुलांचे कापड आणि उशा मांडल्या, तेव्हा सहकाऱ्यांनी टिंगल केली. १९३१ मध्ये त्याने पुस्तक लिहून उत्तर दिले, त्याचा आशय असा: पोलादी नळीची खुर्ची ही गरजेतून आलेली नसून तीही एक प्रतीक झाली आहे, साधेपणाचा गणवेश हीदेखील नक्षीच. दिवसभर यंत्रापुढे राबलेल्या माणसाने घरीही यंत्रातच का बसावे? आजीची खुर्ची त्याला आवडत असेल तर ती ठेवावी. १९३२ मध्ये त्याच्या देखरेखीखाली व्हिएन्नात ७० नमुना घरांची वसाहत उभी राहिली. छपरे बहुतेक सपाटच, पण आत काय ठेवायचे ते राहणाऱ्याने ठरवायचे. अंधश्रद्धेविरुद्धच्या लढाईत नवी पोथी तयार होऊ नये याची काळजी आम्हांला फ्रांकमध्ये सर्वाधिक दिसते.

पुढचा काळ वाईट आला. १९३३ मध्ये बाउहाउस बंद पडले. फ्रांक स्वीडनला गेला आणि तिथे कापडावरच्या पानाफुलांच्या नक्षीसाठी प्रसिद्ध झाला. १९३४ मध्ये माख संस्थेवर बंदी आली, १९३६ मध्ये श्लिकचा विद्यापीठाच्या जिन्यावर खून झाला. कार्नाप शिकागोला गेला, नॉयराथ आधी हॉलंडला आणि मग इंग्लंडला.

आणि ते घर? हर्मिनेने त्याचे फार कौतुक केले, पण हे देवांचे घर आहे, आपण काही येथे राहू शकणार नाही, अशी तिची भावना होती. मार्गारेटेला मात्र ते आवडले. १९२९ मध्ये विट्गेन्स्टाइन केंब्रिजला परतला. भाषेचा पाया आदर्श तर्करचनेत शोधण्याचा नाद त्याने पुढे सोडला. मृत्यूनंतर १९५३ मध्ये छापल्या गेलेल्या पुस्तकात तो भाषेला जुन्या शहराची उपमा देतो: मध्ये बोळांचे आणि लहान चौकांचे जंजाळ, वेगवेगळ्या काळांत भर पडलेली घरे, आणि भोवती सरळ रस्त्यांची नवी उपनगरे. स्वतःच्या घराविषयीही त्याने १९४० मध्ये लिहिले, की त्यात जाणता कान आहे, रीतभात आहे, पण मोकळे, रानटी जीवन नाही.

मार्गारेटे १९५८ मध्ये वारली. पुढे घर विकले गेले आणि ते पाडून टाकण्याचे ठरले होते. वास्तुप्रेमींनी आवाज उठवल्यावर १९७१ मध्ये त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. १९७५ मध्ये ते बल्गेरिया सरकारने आपल्या सांस्कृतिक संस्थेसाठी विकत घेतले. मग काही खोल्यांमधल्या भिंती काढल्या गेल्या, आणि कोपऱ्यातल्या त्या रेडिएटरांना पांढरा रंग लागला.