संपानंतरची तुकडी

आपली तुकडी १९९६च्या दहावीची. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा आपण नुकतेच चालायला लागलो होतो. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करा, अशीही मागणी होती. माझे वडील बदलीच होते. कायम कामगार गैरहजर असला तर काम, नाहीतर गेटवरून परत. सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट नसलेल्या माणसाला ‘बेंचवर’ म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला ते गेट आठवलं. फरक एवढाच, की आम्हाला बेंचवरही पगार मिळतो.

संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, विरत गेला. आपल्याला आठवतात ती त्यानंतरची वर्षं.

संपाच्या इतिहासात कामगार आणि मालक असतात, खाणावळवाल्या बायका क्वचितच. कोकणातून, घाटावरून आलेले एकटे गडी त्यांच्याकडे जेवायचे आणि पगार झाला की महिन्याचे पैसे द्यायचे. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून. संपात पगार थांबले, उधारी वाढली, गडी गावाला निघून गेले. माझ्या आईच्या वहीत अकरा नावं राहिली. ती वही तिने टाकली नाही आणि पैसेही कुणाकडे मागितले नाहीत. माझ्याकडे आजही क्रेडिट कार्ड नाही. ऑफिसात सगळे हसतात.

वडील पुढे वॉचमन झाले. दादाने आठवीत शाळा सोडली आणि चष्म्याच्या दुकानात लागला. मुलींना बारावीपर्यंत फी नव्हती, म्हणून मी शिकत राहिले. इंजिनीअरिंगची फी दादाच्या पगारातून गेली.

१९९१च्या नियमानुसार गिरणीची जमीन विकासाला काढली, की एक तृतीयांश महापालिकेला आणि एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी जायची. २००१मध्ये हा हिशेब फक्त मोकळ्या जागेपुरता ठेवला आणि टॉवर उभे राहिले. त्यातल्याच एकात, लोअर परळला, मी काही वर्षं नोकरी केली. एकदा वडिलांना वर नेलं. काचेतून खाली बघत ते म्हणाले, “साचेखातं तिकडं होतं, त्या गाड्या लावल्यात तिथं.” मग चहा न घेताच निघाले.

ग्रुपवर सध्या ‘गरिबीनेच आपल्याला घडवलं’ असं खूप फिरतंय. मला ते पटत नाही. दादाची गरिबी तीच होती, खोलीही तीच, शाळासुद्धा हीच. पण माजी विद्यार्थ्यांची यादी दहावीच्या निकालावरून केलेली असते, त्यामुळे त्यात तो नाही. आपल्या वर्गातलेही कितीतरी नाहीत. मागच्या बाकावरची, आईबरोबर पोळ्या लाटून उशिरा येणारी ती आठवते ना?

पुढच्या संमेलनाची यादी पाचवीच्या हजेरीपटावरून करूया. पत्ते शोधायचं काम मी घेते.