दोन बाजू, एक न्यायासन

न्यायालयाशी आपल्यापैकी बहुतेकांची ओळख तारखेपुरतीच असते. वऱ्हाडातल्या गावांत धुऱ्याचा तंटा, वाटणीचा दावा किंवा अपघाताची नुकसानभरपाई यांसाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. आत काय चालले आहे, हे मात्र वकीलसाहेबांनाच ठाऊक, असे मानून पक्षकार बाहेरच्या बाकावर बसून राहतो. ही कार्यपद्धती समजून घ्यायला कायद्याची पदवी लागत नाही, थोडे कुतूहल पुरते. ते घेऊन आलेल्या वाचकांसाठी ही प्रस्तावना आहे.

आपली न्यायपद्धती प्रतिपक्षीय आहे. पुरावा जमवून मांडण्याची जबाबदारी दोन्ही बाजूंची असते. न्यायाधीश तटस्थ राहून त्याची पारख करतात. फ्रान्समध्ये गंभीर गुन्ह्यांचा तपास खुद्द न्यायाधीशाकडे सोपवता येतो. आपल्याकडे तसे नाही. मराठेशाहीत गोतसभेपुढे, म्हणजे गावकऱ्यांच्या व वतनदारांच्या सभेपुढे, निवाडे होत आणि तिथे बसणारे अनेकदा तंटेखोरांना ओळखत असत. 1853मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, त्यानंतर इंग्रजी पद्धतीची न्यायालये इथे रुजली आणि अपेक्षा उलटी झाली. खासगीत कळलेल्या गोष्टींवर न्यायाधीशांनी निर्णय देऊ नये, समोर आलेल्या पुराव्यावरच द्यावा, हा नियम झाला. 1872च्या पुरावा कायद्याची जागा 1 जुलै 2024पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, पण हा सांगाडा कायम आहे.

समजा, मोताळा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने शेजाऱ्याने धुरा कोरल्याचा दावा लावला. प्रतिवादी कैफियत देतो. दोघांत जे वादाचे उरते, त्यावर न्यायालय मुद्दे काढते. अतिक्रमण झाले हे सिद्ध करण्याचा भार वादीवर असतो. त्याची सरतपासणी शपथपत्रावर होते आणि मग प्रतिवादीचे वकील उलटतपासणीला उभे राहतात. मोजणी झाली तेव्हा तुम्ही शेतात हजर होता का? शेजाऱ्याला नोटीस मिळाली होती का? अशा साध्या प्रश्नांतूनच दाव्याची बळकटी किंवा पोकळी उघड होते. सरतपासणीत उत्तर सुचवणारा प्रश्न सहसा विचारता येत नाही, उलटतपासणीत येतो. साक्षीदाराला आणणाऱ्या पक्षाने त्याच्या तोंडी शब्द घालू नयेत आणि विरुद्ध पक्षाला मात्र त्याला पारखून घेता यावे, असा त्यामागचा विचार आहे. फौजदारी खटल्यात हा भार आणखी जड होतो. आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध करणे सरकार पक्षाचे काम आहे. आरोपी गप्प राहिला तरी चालते.

ही पद्धत एका गृहीतावर उभी आहे : दोन्ही बाजू तुल्यबळ असाव्यात. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकातल्या लुटुपुटूच्या खटल्यात सुखात्मे फिर्यादीचेही वकील होतात आणि आरोपीचेही. आरोपी ठरवलेल्या बेणारेबाईंची बाजू तिथेच संपते. खऱ्या न्यायालयात असे होऊ नये म्हणून संविधानाच्या अनुच्छेद 39अमध्ये मोफत विधी साहाय्याचे तत्त्व आले आणि 1987च्या कायद्याने विधी सेवा प्राधिकरणांची व्यवस्था उभी राहिली. सत्य शोधण्यासाठी न्यायाधीशांनाही साक्षीदाराला प्रश्न विचारता येतात. तरीही फौजदारी न्यायव्यवस्थेतील सुधारणांसाठी नेमलेल्या मलिमथ समितीने 2003च्या अहवालात या पद्धतीच्या उणिवांवर नेमके बोट ठेवले. तो अहवाल जिज्ञासूंनी टीकेसह वाचावा.

काही प्रश्न या चौकटीत बसतच नाहीत. लोणार सरोवराला स्वतःचे वकीलपत्र देता येत नाही. म्हणून त्याच्या संवर्धनाचा प्रश्न जनहित याचिकेच्या वाटेने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. अशा याचिकेत न्यायालय दोघांचे ऐकून थांबत नाही. अहवाल मागवते, कामावर देखरेखही ठेवते. नेहमीचा दावा आणि अशी याचिका शेजारी ठेवून पाहिल्यास दोन्हींचे स्वरूप स्पष्ट होते.

नव्या वाचकांनी सुरुवात निकालापासून करू नये. आधी मुद्दे वाचावेत, मग कोणत्या मुद्द्यावर कोणता पुरावा आला ते पाहावे, निकाल शेवटी. सिनेमातले कोर्टही थोडे बाजूला ठेवावे. चैतन्य ताम्हाणे यांचा 2014चा ‘कोर्ट’ मात्र जरूर पाहावा, कारण खटल्यातला कंटाळा आणि खोळंबा त्यात प्रामाणिकपणे उतरला आहे. काही अपवाद सोडले तर न्यायालयाचे कामकाज खुले असते आणि महाराष्ट्रातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. तेव्हा बुलढाणा, खामगाव किंवा मेहकरच्या न्यायालयात एखाद्या दिवशी मागच्या बाकावर शांतपणे बसा आणि एका साक्षीदाराची तपासणी पहिल्या प्रश्नापासून शेवटपर्यंत ऐका. कोण जिंकले हे विचारण्याआधी हरणाऱ्याला आपले म्हणणे पूर्ण मांडता आले का, हे स्वतःला विचारा. या पद्धतीची खरी कसोटी तीच आहे.