चालत जायची हिमनदी

ऑस्ट्रियाचा बादशहा फ्रान्झ जोसेफ न्यूझीलंडला कधीच गेला नाही. तरी तिथल्या दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका हिमनदीला त्याचं नाव आहे. कारण १८६५ साली तिथे पोचलेला भूगर्भशास्त्रज्ञ युलियस फॉन हास्ट मूळचा जर्मन, आणि डोंगरांना नावं ठेवायचं (म्हणजे द्यायचं!) काम त्याच्याकडे होतं. माओरी नाव मला विचाराल तर कितीतरी सरस आहे: का रोइमाता ओ हिने हुकातेरे, म्हणजे हिने हुकातेरेचे अश्रू. हिनेला डोंगर चढायचा नाद, आणि तिच्या प्रियकराला, वावेला, तो तितकासा जमायचा नाही. तिच्या आग्रहाखातर तो चढला आणि जीव गमावून बसला. तिचे अश्रू गोठले ती ही हिमनदी. १९९८ च्या कायद्याने आता दोन्ही नावं अधिकृत आहेत.

सुट्टीत आम्ही तिथे 'हेलिहाइक' केली. म्हणजे हेलिकॉप्टरने थेट बर्फावर उतरायचं, दोनेक तास गाईडबरोबर चालायचं आणि पुन्हा हेलिकॉप्टरनेच खाली. फोटो बघून ऑफिसातला एक मित्र म्हणाला, "हेलिकॉप्टरने ट्रेक? उद्या हरिश्चंद्रगडावर पण उतरशील!" आम्ही सह्याद्रीत घाम गाळणारी माणसं, तेव्हा टोमणा झोंबला. पण त्याचं खरं उत्तर इतिहासात आहे, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

मुळात ही हिमनदी जरा विचित्रच. टास्मान समुद्रावरून येणारं ओलं वारं सदर्न आल्प्सला येऊन धडकतं. खाली गावात वर्षाला पाचेक मीटर पाऊस, म्हणजे महाबळेश्वरच्या पंगतीतला. वर तोच बर्फ होऊन पडतो. उतार एवढा तीव्र की बर्फ अक्षरशः घाईने खाली येतो. सुमारे ३००० मीटरवरून निघून तो थेट पावसाळी जंगलापर्यंत यायचा, जिथे झाडाएवढाले नेचे वाढतात. किती घाईने? १९४३ मध्ये टोकापासून साडेतीन किलोमीटर वर एक विमान या बर्फावर कोसळलं. साडेसहा वर्षांनी त्याचे अवशेष खाली टोकाशी बाहेर पडले. हिशोब करा, दिवसाला दीड मीटर.

टोक इतकं खाली असल्यामुळेच ही 'चालत जायची' हिमनदी होती. खिळ्यांचे बूट घालून, हातात काठी घेऊन लोक जायचे आणि गाईड पुढे कुऱ्हाडीने पायऱ्या खणत जायचा. ग्रॅहॅम बंधू इथले नावाजलेले गाईड. सिडनीची फ्रेडा दु फॉर ३ डिसेंबर १९१० ला माउंट कुकच्या माथ्यावर पोचली (तिथे पोचलेली पहिली स्त्री) ती पीटर आणि अॅलेक्स ग्रॅहॅमबरोबरच. लोकांना मात्र तिच्या चढाईपेक्षा लग्न न झालेली बाई एकट्या पुरुष गाईडबरोबर डोंगरात जाते याचीच काळजी फार. हे ऐकल्यासारखं वाटतंय ना कुठेतरी? :)

१९३१ मध्ये गावात सेंट जेम्स चर्च बांधलं. वेदीच्या मागे रंगीत काचेऐवजी साधी खिडकी ठेवली, कारण तिच्यातून समोर हिमनदी दिसायची. १९४६ च्या पोस्टाच्या तिकिटावरही हे दृश्य आलं. आणि १९५० च्या दशकात ती मागे सरत सरत खिडकीतून नाहीशी झाली.

त्याच दशकात, २२ सप्टेंबर १९५५ ला, पर्वतरांगेच्या पलीकडच्या टास्मान हिमनदीवर हॅरी विगलीने स्की लावलेलं छोटं विमान उतरवलं. या स्की वर-खाली करता यायच्या, त्यामुळे धावपट्टीवर चाकांनी उडायचं आणि बर्फावर स्कीवर टेकायचं, हे जमलं. तेव्हा ही निव्वळ चैन होती. ज्याला चालायचं तो चालतच होता.

पुढचा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो. १९८३ ते २००८ या काळात जगभरातल्या हिमनद्या आटत असताना ही मात्र जवळजवळ दीड किलोमीटर पुढे आली. "कसलं ग्लोबल वॉर्मिंग?" म्हणणाऱ्यांना आयतंच कोलीत मिळालं. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की त्या वर्षांत त्या टापूतली हवा आणि टास्मान समुद्र तात्पुरते थंड राहिले होते. मुख्य प्रवाहाच्या उलट फिरणारा तो एक भोवरा होता, एवढंच. २००८ नंतर टोक इतक्या वेगाने मागे गेलं, आणि कडेचा बर्फ इतका ढासळायला लागला, की २०१२ मध्ये दरीतून चालत बर्फावर न्यायचं गाईडनी बंद केलं. शंभरेक वर्षांची पायवाट संपली.

तर मित्रा, हेलिकॉप्टर त्या वाटेच्या जागी आलंय, आमच्या हौसेसाठी नाही. वर पोचल्यावर सगळं जुनंच आहे. फरक म्हणजे खिळ्यांच्या बुटांऐवजी क्रॅम्पॉन. गाईड आजही कुऱ्हाडीने पायऱ्या खणते (आमची गाईड मुलगी होती, फ्रेडाला बरं वाटलं असतं). निळ्या बर्फाच्या भेगेत वाकून बघितलं की आतून पाण्याचा आवाज येतो. मग डोक्यावरून दुसरं हेलिकॉप्टर जातं आणि तो आवाज बुडतो. वितळणारा बर्फ बघायला इंधन जाळत जायचं, हे मला तिथे उभं असतानाही खुपत होतं, आणि तरीही मी गेलो. धोकाही काही कमी झालेला नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये शेजारच्या फॉक्स हिमनदीवर हेलिकॉप्टर कोसळून पायलटसह सातही जण गेले.

असो. जाणार असाल तर दोन दिवस जास्तीचे हाताशी ठेवा. पूर्वी पावसातही रेनकोट घालून बर्फावर जाता यायचं, पण हेलिकॉप्टर ढगात उडत नाही, आणि तिथे ढग असतातच. आमचा पहिला दिवस असाच गेला. तेव्हा आम्ही चर्चमध्ये जाऊन वेदीमागच्या त्या खिडकीतून झाडं बघत बसलो.