धारची मैनाबाई आणि बाप नसलेली मुलं

धारहून मांडूला जायचं तर वाटेत नालछा लागतं. माळव्याचं पठार संपत आलेलं असतं आणि पुढे मांडूचा डोंगर दिसू लागतो. माळव्याच्या खलजी सुलतानांच्या काळचं हे गाव. सन १६१७ मध्ये मांडू सोडताना जहांगीर बादशहाचा मुक्काम इथे पडला होता. पुढे दोनशे वर्षांनी, १८१८ च्या सुमारास, सर जॉन माल्कम या इंग्रज सेनानीने इथलाच एक पडका महाल साफसूफ करून राहण्याजोगा केला. त्या महालात तोवर वाघांचा वावर होता म्हणे! याच माल्कमने माळव्याची हकीकत लिहून १८२३ मध्ये छापली, आणि मला सांगायची आहे ती गोष्ट त्याने लिहून ठेवली म्हणूनच आपल्यापर्यंत पोहोचली.

धारचे पवार आपल्याला माहीत असतात ते पानिपतामुळे. सन १७६१ मध्ये यशवंतराव पवार तिथे पडले. मागे राहिला खंडेराव, दोन-अडीच वर्षांचा. तो मोठा झाला आणि गरोदर आनंदीबाईला त्याने धारच्या किल्ल्यात आसरा दिला. शेवटचा बाजीराव १७७५ मध्ये तिथेच जन्मला. (इतिहासात आनंदीबाईची आठवण निघते ती 'ध चा मा' पुरती. परक्या गावात, नवरा लढाईच्या धामधुमीत आणि आपण बाळंतपणात, अशी ती कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही.) हा खंडेरावही १७८० मध्ये ऐन तारुण्यात गेला. त्याचा मुलगा आनंदराव बाप गेल्यावर जन्मला आणि आजोळी, बडोद्याला गायकवाडांच्या घरी वाढला. सतरा वर्षांचा झाल्यावर तो धारला आला. सन १८०७ मध्ये तोही वारला, आणि त्याची बायको मैनाबाई तेव्हा गरोदर होती.

म्हणजे पाहा, तीन पिढ्या ओळीने बापाविना! बखरी-वंशावळी वाचताना आपण 'नंतर त्याचा पुत्र गादीवर आला' हे वाक्य किती सहज ओलांडून जातो. अडीच वर्षांचं मूल गादीवर येतं म्हणजे काय होतं? त्याला कुणीतरी भरवतं, रात्री ताप आला तर कुणीतरी उशाशी बसतं. हे कोण करत होतं ते वंशावळ सांगत नाही.

मैनाबाईपुढे संकट होतं मुरारीराव पवाराचं. घराण्यातलाच माणूस, दासीपुत्र. धारवर त्याचा डोळा होता. ती मांडूला गेली आणि तिथेच तिला मुलगा झाला, रामचंद्रराव. मांडू त्या वेळी ओसाड, रान माजलेलं. एका तान्ह्या मुलाचा जीव वाचवण्यासाठी ती बाई त्या डोंगरावर होती. पुढे तिने धार सांभाळली, बडोद्याकडे मदत मागितली, शिंदे-होळकरांच्या फौजांच्या धाडी सोसल्या. मुलगा मात्र लहानपणीच दगावला.

इथे दुसरी कुणी हात टेकून बसली असती. मैनाबाईने बहिणीचा मुलगा दत्तक घेतला, त्याचंही नाव रामचंद्रराव ठेवलं आणि शिंदे-होळकरांची संमती मिळवली. 'माय मरो पण मावशी उरो' असं आपण म्हणतो. इथे मावशीच माय झाली. १० जानेवारी १८१९ रोजी धारचा इंग्रजांशी तह झाला, तेव्हा राज्य म्हणण्यासारखं धार शहराबाहेर फारसं काही उरलं नव्हतं. पण धार उरली, ती तिच्यामुळे.

आम्हा गोंयकारांना ही गोष्ट वेगळीच बोचते. सन १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाच्या नावाने एक हुकूम निघाला होता. गोवा बेटावरच्या हिंदू घरातलं ज्या लहान मुलाला आई नाही, बाप नाही, आजा-आजी नाहीत, त्याला सेंट पॉल कॉलेजात नेऊन ख्रिस्ती करावं. म्हणजे घरात एक म्हातारी जिवंत असली तर मूल घरात राहणार! पण पुढे या हुकमाचा अर्थ ताणला गेला. बाप मेला की मूल अनाथ, मग आई आणि आजी दारात उभ्या का असेनात. लोकांनी रातोरात मुलं नदीपार नेली. जुन्या गोव्यात त्या कॉलेजची कमान अजून उभी आहे, जाता-येता दिसते.

माझे वडील मी तीन वर्षांचा असताना गेले. आई नोकरीला जायची. मला वाढवलं ते आजीने, उकड्या तांदळाची पेज आणि खारातली तोरं भरवून. शाळेचा दाखला काढताना 'पालक' या रकान्यात तिचं नाव कधीच आलं नाही. आता माझ्या टेबलावरून रोज असेच अर्ज जातात. त्या रकान्यापाशी माझं पेन क्षणभर थांबतं, एवढंच.

मैनाबाईने वाढवलेला रामचंद्रराव १८३३ मध्ये वारला. त्यालाही मूल नव्हतं. मग यशवंतराव नावाचा मुलगा दत्तक आला आणि धारच्या वाड्यात पुन्हा एकदा दुसऱ्याच्या पोटचं पोर वाढू लागलं.