दृढीकरणाचं वय आणि मंडळीतला बदल

दोन मंडळ्या एक होतात, उपासनेची जुनी रीत जाते, वादातून पाळकसाहेब निघून जातात. अशा प्रत्येक वेळी एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘पोरांना यात आणू नका.’ त्यामागची माया मी नाकारत नाही. तरी हे मत आपल्याच रीतीशी आणि आपल्याच शास्त्राशी विसंगत आहे, असं माझं ठाम म्हणणं आहे.

पहिला आक्षेप वयाचा. चौदा-पंधराव्या वर्षी काय कळतं? पण त्याच वयाच्या मुलाला आपण दृढीकरणाच्या वर्गात बसवतो, भरल्या मंडळीसमोर उभं करतो आणि तान्हेपणी त्याच्या वतीनं आईबापांनी दिलेली वचनं त्याच्या तोंडून घेतो. जन्मभराचं वचन द्यायला जो पुरेसा मोठा आहे, त्याला उपासना का बदलली हे समजणार नाही? एक तर ते वचन पोकळ, नाहीतर हा आक्षेप.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: वडिलांचे वाद कळले तर मुलांचा विश्वास डळमळेल. इथे शमुवेलाची गोष्ट नीट वाचावी. शब्बाथ शाळेत आपण ती ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ इथवर सांगतो आणि थांबतो. पुढे त्या मुलाला देवानं काय ऐकवलं? एलीच्या घराण्याचा नाश. म्हणजे ज्या मंदिरात तो वाढला, तिथल्याच याजककुळाचा शेवट. जोसेफस त्या वेळचं त्याचं वय बारा सांगतो. सकाळी शमुवेल ते सांगायला भ्याला. तेव्हा एलीनं ‘हा तुझा विषय नाही’ म्हणून त्याला गप्प केलं नाही. काही लपवू नकोस, अशी शपथ घातली. वार्ता त्याच्या स्वतःच्या विनाशाची होती, तरीही. आणि शमुवेलाचा विश्वास तिथे तुटला नाही, तिथूनच तो उभा राहिला. धाकट्यांना ऐकण्याची ही रीत पुढेही दिसते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं मठाची नियमावली लिहिली. महत्त्वाच्या प्रश्नावर सगळ्या बंधूंना बोलवावं, असं तो तिथे सांगतो, कारण अधिक चांगलं काय ते प्रभू पुष्कळदा धाकट्यालाच दाखवतो.

आपल्याकडचा दाखला १९७० चा. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा मंडळ्या मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाली. बोलणी १९२९ पासून चालली होती. मेथडिस्टांची इथली सर्वांत मोठी शाखा ऐन वेळी बाहेर राहिली. अहमदनगरच्या बाजूला अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत बिशप हे पदच नव्हतं. ते आता आलं. बाळाचा बाप्तिस्मा आणि जाणत्या वयात विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही एकाच मंडळीत मान्य झाले. अशा वेळी दृढीकरणाच्या वर्गातल्या मुलीनं विचारलं, ‘मग माझा बाप्तिस्मा पुरा की अपुरा?’, तर तो पोरकटपणा म्हणायचा का? विद्वान चार दशकं ज्या प्रश्नांशी झगडले, त्यांतलाच तो एक आहे. तिला गप्प करणं म्हणजे तिला मंडळीच्या इतिहासाबाहेर उभं करणं.

विरोधी पक्षाचं एक म्हणणं मात्र मी पूर्ण मान्य करतो. मुलांना गटबाजीचं प्यादं करू नये. तरुण संघाच्या सह्या गोळा करून कमिटीपुढे नाचवणं, एका घरातून दुसऱ्या घरात निरोप पोहोचवायला लावणं, हे पाप आहे. पण त्यावरचा उपाय मुलांना अंधारात ठेवणं नव्हे. प्रार्थनेच्या खोलीत मोठे कुजबुजतात तेव्हा मुलं अर्धंच ऐकतात आणि उरलेलं अर्धं भीतीनं भरून काढतात.

म्हणून बदल जाहीर होण्याआधी त्यांना एकत्र बसवावं. काय जाणार, काय राहणार, हे साध्या शब्दांत सांगावं. प्रभुभोजन राहणार, ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक राहणार, तर तेही सांगावं. जुने पाळकसाहेब गेल्याचं दुःख त्यांनाही असतं, त्यांना रडू द्यावं. आणि उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणावं. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारत होता, हे आपण कौतुकानं सांगतो. त्यानं आईला जे उत्तर दिलं ते तिला समजलं नाही, हेही लूकनं तिथेच लिहून ठेवलं आहे. तिनं त्याला गप्प केलं नाही. त्या साऱ्या गोष्टी मनात जपून ठेवल्या.