पाणवठा, वेस आणि जयस्तंभ

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या शिवेवरून भीमा वाहते. नदी एकच, पण पाणी भरण्याच्या जागा जातीप्रमाणे ठरलेल्या. दख्खनच्या गावांची रीत अशी होती की गावाचा पाणवठा वरच्या अंगाला आणि महारवाड्याचा, मांगवाड्याचा खालच्या अंगाला असे. विहिरीवर तर पायरी उतरण्याचीही मुभा नव्हती. घागर ठेवून लांब उभे राहायचे आणि कोणी वरून पाणी ओतील याची वाट पाहायची. ओढा आटला की ही वाट दिवसभराची होई. जुन्या माणसांच्या आठवणींत मारझोडीच्या आधी ही तहान येते.

अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या लोकांच्या नळावर पाटी असे. तो भेद राज्यांच्या कायद्यांनीच घातला होता आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने तो बेकायदा ठरला. इथे उलटे घडले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. गावांनी ते मानले नाही, म्हणून १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. कागदावर विहीर खुली आणि गावात बंद, अशा काळाचा खरा इतिहास माणसांच्या आठवणींतच उरतो.

एक बंधन मात्र कागदावरही होते. महारकी हे वतन होते आणि १८७४ च्या वतन कायद्याने ते जखडून ठेवले होते. सरकारी अंमलदाराचे ओझे वाहणे, वसुलाची रक्कम तालुक्याला पोचवणे, लोकांना चावडीवर बोलावणे, वेशीची राखण, मेलेली ढोरे ओढणे, मर्तिकाचा सांगावा परगावी नेणे, ही सारी कामे त्यात येत. घरातला माणूस तापाने फणफणला असला तरी पाळी चुकत नसे. मोबदल्यात हाडकी-हाडोळ्याची तुकडा जमीन, खळ्यावरचे बलुते आणि दारोदार मागून आणलेली भाकर. वेशीची राखण करणाऱ्या येसकराच्या काठीला घुंगरू बांधलेले असे. तो आवाज आला की घरातून शिळे तुकडे बाहेर येत. हक्काचे म्हणून मागायचे आणि भीक म्हणून घ्यायचे, यातच त्या व्यवस्थेचे सारे क्रौर्य आहे. मांगवाड्याकडे दोर वळण्याचे आणि केरसुण्या बांधण्याचे काम होते. विटाळ त्यांच्याही वाट्याला तोच.

सुटकेची एक वाट शिरूरच्या छावणीतून गेली. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन स्टाँटनची सुमारे आठशे माणसांची तुकडी घोडनदीकाठच्या याच छावणीतून पुण्याकडे निघाली. दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा येथे पेशव्यांच्या फौजेशी तिची लढाई झाली. तुकडीत अनेक जातिधर्मांचे शिपाई होते. लढाईच्या स्मरणार्थ पेरणे येथे उभारलेल्या जयस्तंभावर मृतांच्या नावांत ‘नाक’ हा महार प्रत्यय असलेली बावीस नावे आहेत. पलटणीत पगार होता आणि शिपायांच्या मुलांना शाळाही होती. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली तेव्हा ही वाटच बुजली. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला देत १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या स्तंभाला भेट देण्यास आले. तेव्हापासून दर वर्षी इथे होणाऱ्या गर्दीत आजोबांच्या खांद्यावर बसून आलेली पोरे स्वतः आजोबा झाली.

दुसरी वाट दौंडच्या रुळांची. पुण्याहून दौंडमार्गे सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग १८६० पर्यंत झाला. १८७८ साली दौंड-मनमाड फाटा सुरू झाला आणि गाव जंक्शन बनले. आगगाडीने गाव सोडता येत होते, जात मात्र फलाटावरही गाठत असे. १९०१ साली मसूर स्थानकावर उतरलेल्या लहान भीमराव आंबेडकरांना आणि त्यांच्या भावाला व भाच्यांना जात कळताच कोणी गाडीवान बसवून घेईना. दुप्पट भाडे देऊन आणि स्वतःच बैल हाकून त्यांना पुढे जावे लागले.

राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता संपवली, १९५५ च्या कायद्याने ती दंडनीय ठरली आणि १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले. त्याआधीच १९५६ च्या बौद्ध धर्मांतरानंतर अनेक वस्त्यांनी ढोरे ओढण्याचे आणि भाकर मागण्याचे काम टाकून दिले होते. हॉटेलातली दलितांसाठीची वेगळी कपबशी त्यानंतरही टिकली.

या आठवणी लिहिल्या गेल्या त्या उशिरा. शेजारच्या पुरंदर तालुक्यात वीरगावला वाढलेल्या बेबी कांबळे यांनी महारवाड्यातल्या बायकांचे जगणे फलटणच्या आपल्या दुकानात बसून लिहून काढले. घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवलेले ते लिखाण १९८६ साली ‘जिणं आमुचं’ या नावाने पुस्तकरूपात आले.